एका केंद्राचा कार्यक्रम अनेक केंद्रांवर

संत्र्याच्या आंबिया बहाराला ताण केव्हा द्यावा व केव्हा तोडावा, या विषयावर नागपूर भागातील एखाद्या मंडळाने उत्तम नभोवाणी कार्यक्रम तयार केला, तर तो काटोल-नरखेडच्या बागाइतदारास जितका उपयोगी, तितकाच वरूड-मोर्शीच्या आणि राज्याची सीमा ओलांडून पांढुर्णा-सौंसरच्या बागाइतदारासही उपयोगी असतो. झाड तेच, बहार तोच आणि पुष्कळ घरांतील बोलीही तीच. तथापि सामुदायिक नभोवाणी केंद्राच्या प्रक्षेपणाची शक्ती नियमाप्रमाणे साधारणतः 100 वॅटपर्यंत मर्यादित असल्यामुळे त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरपलीकडे फारसा जात नाही. कार्यक्रम चांगला असूनही तो तेथेच थांबतो.

यावर उपाय एकच. कार्यक्रम स्वतः प्रवास करू लागला पाहिजे. एकाने तयार केलेला कार्यक्रम अनेक स्वतंत्र केंद्रांनी आपापल्या वेळी प्रक्षेपित करावयाचा, या पद्धतीस सिंडिकेशन म्हणतात. हा शब्द परका असला तरी रीत आपल्याकडे जुनी आहे. 1952 साली सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रित करीत, ती ध्वनिफीत विमानाने कोलंबोस जाई आणि रेडिओ सिलोनवरून साऱ्या भारतात ऐकू येई. पुढे 1 नोव्हेंबर 1967 रोजी विविध भारतीवर जाहिरातींचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा ज्या तीन शहरांची निवड झाली त्यांत मुंबई व पुण्याबरोबर नागपूरही होते. बाहेरील निर्मात्याने बनविलेल्या प्रायोजित कार्यक्रमांना आपल्या नभोवाणीवर वाट मिळाली ती त्यानंतरच.

मनोरंजनाचा कार्यक्रम जसाच्या तसा कोठेही वाजविता येतो. गाणे अकोल्यात गोड आणि चंद्रपुरात कडू, असे होत नाही. शेतीच्या कार्यक्रमाचे तसे नाही. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाचा सल्ला यवतमाळच्या कापूसवाल्यास निरुपयोगी, इतकेच नव्हे, तर नागपूर जिल्ह्यातल्या हलक्या जमिनीच्या बागेस जितके दिवस ताण पुरतो तितके दिवस भारी काळ्या जमिनीत पुरत नाहीत. म्हणून शेतीविषयक कार्यक्रम दुसऱ्या केंद्रास देताना त्यात स्थानिक बदलास जागा ठेवावी लागते. ही गोष्ट ज्यांनी प्रथम ओळखली, त्यांत कॅनडाचे एक कृषी निवेदक जॉर्ज ॲटकिन्स यांचे नाव घ्यावे लागेल. 1975 साली झांबियात भरलेल्या एका कार्यशाळेत त्यांनी आफ्रिकेतील निवेदकांना विचारले, की तुम्ही अलीकडे कोणता कार्यक्रम दिला? एकाने ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगच्या देखभालीवरील कार्यक्रम सांगितला. त्याच्या देशात ट्रॅक्टर किती जणांकडे होते, हे विचारता उत्तर आले, की जवळजवळ कोणाकडेच नाहीत. माहिती परदेशातून तयार आली होती आणि ती तशीच वाचली गेली होती. शेतकरी मात्र बैलांवर शेती करीत होते. ॲटकिन्स यांनी 1979 पासून निरनिराळ्या देशांतील निवेदकांना लहान शेतकऱ्यांच्या उपयोगाच्या संहिता पाठविण्यास आरंभ केला. आज 'फार्म रेडिओ इंटरनॅशनल' म्हणून ओळखली जाणारी संस्था त्यातूनच वाढली. तयार ध्वनिफितीपेक्षा लिखित संहितेवर त्यांचा भर होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. संहितेतील बैलाचे नाव, पिकाची जात व महिना स्थानिक निवेदक बदलू शकतो. बंद ध्वनिफितीत त्याला काहीच करता येत नाही.

आपल्याकडे याच्याही पूर्वी, 1956 साली, युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून पाच मराठी जिल्ह्यांतील 150 खेड्यांसाठी वीस कार्यक्रमांची एक मालिका झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेचे पॉल न्यूराथ यांनी तिचा अभ्यास केला. प्रत्येक गावी एक श्रोतृमंडळ असे. ते कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी व आपले प्रश्न केंद्राकडे पाठवी. पुढील प्रक्षेपणात त्या प्रश्नांना उत्तरे मिळत. एकच कार्यक्रम दीडशे ठिकाणी गेला, पण प्रत्येक ठिकाणी तो तेथील चर्चेने पुरा झाला. 1959 पासून ही ग्रामीण श्रोतृमंडळे देशभर सुरू करण्यात आली.

उलट उदाहरणही नागपूरपाशीच आहे. बुटीबोरी येथे 1,000 किलोवॅटचा प्रचंड प्रक्षेपक उभारून 1988 साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. एका ठिकाणाहून देशाच्या फार मोठ्या भागावर रात्रभर आवाज पोहोचे. ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय 2018 च्या अखेरीस झाला. शक्तीने दूर जाता येते, हे तिने दाखविले. परंतु सौंसरच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, हे तिचे कामच नव्हते. 2004 साली देशातील 96 एफ. एम. केंद्रांवरून 'किसानवाणी' सुरू झाली, तेव्हा योजना केंद्राची आणि आशय स्थानिक, अशी वाटणी करण्यात आली. ही वाटणी आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. नोव्हेंबर 2006 च्या धोरणाने सेवाभावी संस्था, कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांना स्वतःचे केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी व बारामतीची शारदा कृषी वाहिनी ही त्यातील आपल्याकडची परिचित नावे. अशा केंद्रांवर किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेला असावा, अशी अट आहे. याचा अर्थ असा, की बाहेरून येणाऱ्यासाठी जागा थोडी आणि ती मागणारे पुष्कळ. ज्याचा कार्यक्रम केंद्रचालकाचे काम हलके करील त्यालाच ती मिळते.

म्हणून एकच भाग घेऊन दारोदार हिंडू नये. तिमाहीत तेरा आठवडे येतात. तेरा भागांचा आराखडा, त्यातील तीन भाग पूर्ण ध्वनिमुद्रित आणि उरलेल्यांची टिपणे, एवढी सिद्धता झाल्यावरच केंद्रास लिहावे. आरंभशूर निर्मात्यांचा केंद्रचालकांस कंटाळा असतो, आणि तो रास्त आहे. पंधरा मिनिटांची वेळ मागितली तर कार्यक्रम पुरता पंधरा मिनिटांचा नसावा. निवेदकास आरंभी व शेवटी बोलावयास अवकाश लागतो. नेमके किती सेकंद, हे त्या केंद्रालाच विचारावे आणि सर्व भाग त्याच मापाचे करावेत. प्रत्येक भागासोबत एक कागद द्यावा. त्यावर विषय, एकूण वेळ, पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि बोलणाऱ्यांची नावे असावीत. रात्री एकट्याने केंद्र सांभाळणाऱ्या माणसाला हा कागद किती आधार देतो, हे तेथे बसल्याशिवाय कळत नाही.

संगीताविषयी विशेष सावध असावे. चित्रपटगीताचे हक्क आपल्याकडे नसतात. ते आपल्या कार्यक्रमात गुंफून दुसऱ्या केंद्रास देणे म्हणजे जे आपले नाही ते देणे होय. त्यापेक्षा गावातील दंडारीचे वा भजनी मंडळाचे वादन मुद्रित करावे आणि कलावंतांची लेखी संमती घ्यावी. त्या संमतीत 'इतर केंद्रांवरूनही' हे शब्द असलेच पाहिजेत. एका केंद्रापुरती दिलेली संमती दुसरीकडे चालेलच असे नाही.

आता स्थानिक जागेचा प्रश्न. पंधरा मिनिटांपैकी दहा-अकरा मिनिटे सर्वत्र लागू पडणारा भाग ध्वनिमुद्रित द्यावा आणि तीन-चार मिनिटे मोकळी सोडून त्यांची केवळ संहिता द्यावी. तेथे स्थानिक निवेदक आपल्या भागातील पाऊस, बाजारभाव, तालुक्याच्या कृषी कार्यालयाचा पत्ता व श्रोत्यांचे प्रश्न घालील. छिंदवाड्याच्या केंद्राने तो भाग हिंदीत केला तरी हरकत घेऊ नये. आपले नाव कार्यक्रमाच्या शेवटी एकदा घेतले जावे, एवढी अट पुरे.

कोणता भाग सर्वत्र लागू आणि कोणता स्थानिक, हे ठरविताना मात्र सैलपणा नको. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून फवारू नये, तोंडावर व हातांवर आच्छादन असावे, औषधे मनास येईल तशी एकत्र करू नयेत, चक्कर आली की काम थांबवून तत्काळ दवाखाना गाठावा आणि औषधाचा डबा बरोबर न्यावा, हे सर्वत्र सारखेच सत्य आहे. ते निःशंकपणे ध्वनिफितीत घालावे आणि हवे तितके दूर जाऊ द्यावे. परंतु अमुक किडीस अमुक औषध, अमुक मात्रा, हे ध्वनिफितीत कधीही घालू नये. गुलाबी बोंडअळीने आपल्या डोळ्यांदेखत बीटी कपाशीला दाद देणे सोडले. गेल्या वर्षीची शिफारस यंदा टिकेलच असे नाही. ती केवळ संहितेत असावी आणि प्रक्षेपणापूर्वी स्थानिक कृषी विज्ञान केंद्राकडून किंवा कापसापुरती नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडून तपासून घ्यावी.

गावकार्यकर्त्याचे काम येथे दुहेरी आहे. ऐकणाऱ्यांचे प्रश्न त्याने लिहून घेऊन केंद्राकडे, आणि केंद्रामार्फत मूळ निर्मात्याकडे पाठवावेत. जुन्या श्रोतृमंडळांत हे पोस्टकार्डावर होत असे, आता दूरध्वनीवरून मुद्रित केलेला आवाजही चालतो. दोन निरनिराळ्या केंद्रांकडून एकच प्रश्न आला, तर पुढील तिमाहीतला पहिला भाग त्यावर करावा. आणि संहितेच्या प्रत्येक पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, ती कोणत्या हंगामासाठी लिहिली व कोणत्या तारखेनंतर वाचू नये, हे ठळक अक्षरांत लिहावे.