पासवर्डाचा मालक कोण?

संगणकजाळ्यांची देखभाल करणाऱ्या मंडळींनी टेरी चाइल्ड्स याच्या खटल्याची हकिकत अवश्य वाचावी. सॅन फ्रान्सिस्को नगरप्रशासनाचे ‘फायबरवॅन’ हे जाळे उभारण्यात ज्याचा प्रमुख हात होता आणि ते सांभाळण्याची पात्रता आपल्या वरिष्ठांत नाही अशी ज्याची दृढ समजूत होती, त्या या निष्णात अभियंत्याने जुलै २००८ मध्ये हुकूम होऊनही पासवर्ड देण्यास इनकार केला, तेव्हा त्याची रवानगी थेट कारागृहात झाली आणि जामिनाची रक्कम ५० लाख डॉलर ठरली. जाळे मात्र सुरळीत चालूच होते! अखेर महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पासवर्ड हवाली झाले.

२०१० मध्ये ज्यूरीने, जिच्यात एक नेटवर्क अभियंताही होता, त्यास दोषी ठरविले. ४ वर्षांची कैद आणि पुढे सुमारे १५ लाख डॉलरची भरपाई पदरी पडली. ज्या संगणक-गुन्हेविषयक कायद्याखाली तो दोषी ठरला, तो बाहेरच्या घुसखोरांसाठी आहे, नोकरांसाठी नव्हे, हा त्याचा युक्तिवाद २०१३ मध्ये अपिलातही टिकला नाही. शिक्षा मला कठोर वाटते. निकाल अन्याय्य वाटत नाही.

आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार अधिकृत व्यक्तीस संगणकाचा प्रवेश नाकारणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. तेव्हा पासवर्ड कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हे वरिष्ठांकडून आजच लेखी घेऊन ठेवा.