सातवा दिवस कुणाचा?

“तुमचं बरं आहे बाई! रविवारी सकाळी आवरून चर्चला निघता. आमचा रविवार जातो चुलीपुढे,” साताऱ्याच्या आमच्या शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या. मी हसले. पण त्या दिवशी पहाटे साडेचारला उठून मी मटणाचा मसाला वाटला होता आणि उपासनेत बसून मनात घरचाच स्वयंपाक करत होते, हे त्यांना कुठे ठाऊक!

रविवार म्हणजे ख्रिस्ती लोकांचा शब्बाथ, असं आपण सरसकट म्हणतो. मूळचा शब्बाथ शनिवारचा. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तो दिवस पवित्र पाळावा, अशी दहा आज्ञांतली एक आज्ञा आहे. यहुदी लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून तो पाळतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असं नावच पडलं. येशू ख्रिस्त रविवारी पुन्हा उठला या विश्वासाने बहुतेक ख्रिस्ती रविवार हा ‘प्रभूचा दिवस’ म्हणून पाळू लागले. सेव्हन्थ डे ॲडव्हेन्टिस्ट पंथाचे लोक मात्र आजही शनिवारच पाळतात.

माझं माहेर सांगलीचं. आजी रविवारी शिवणाची सुईसुद्धा हाती धरत नसे. शनिवारी संध्याकाळीच तांदूळ निवडलेले, कपड्यांना इस्त्री झालेली, चटणी डब्यात भरलेली. शेजारच्या नर्सबाई मात्र रविवारीही मिरजेच्या मिशन इस्पितळात जात. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं ते इस्पितळ. मी आजीला विचारलं, “त्यांना पाप नाही का गं लागत?” ती म्हणाली, “येशूने शब्बाथाच्या दिवशीच आजारी माणसं बरी केली. आजाऱ्याला पाणी देऊ नये, असा नेम देवाला कशाला हवा?”

विसाव्याचा दिवस कुणालाच फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे झगडले. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि फुल्यांचं मूळ गाव आमच्या सातारा जिल्ह्यातलं कटगुण. एप्रिल 1890 च्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन बायकाही बोलल्या, आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीतल्या बाईला सुट्टी मिळाली. घरातल्या बाईचं काय?

ती आज्ञा वाचताना मी एकदा थबकले. काम करू नये अशांची तिथे यादीच आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, अगदी दारी राहणारा परकाही. बायकोचं नावच नाही! पाळकांना विचारलं, तर म्हणाले, “अहो, ‘तू’ मध्ये ती आलीच.” आमच्या घरात मात्र ती आलेली नव्हती.

एका शनिवारी रात्री मी हे बोलून दाखवलं. ‘हे’ गप्प बसले. बोलल्या त्या सासूबाई. “देवळातून आल्या आल्या गरम जेवण, ही सवय मीच लावली तुझ्या सासऱ्यांना. मला कधी प्रवचन धड ऐकू आलं नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हापासून आमच्याकडे रविवारी दुपारी खिचडी, दही, पापड. भाजणं-वाटणं शनिवारी, तेही सगळ्यांनी मिळून. मुलगा ताटं घेतो, ‘हे’ भांडी विसळतात. पहिल्या रविवारी खिचडी खाली लागली. कुणी काही बोललं नाही. मटण खायचं तर शनिवारी रात्री. पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, तर नेम मोडतो आणि त्याचं वाईट वाटत नाही.

मैत्रिणींनो, तुमचा वार सोमवार असो, गुरुवार असो की खंडोबाचा रविवार. उपास तर आपण करतोच. त्याच दिवशी अर्धा दिवस विसाव्याचाही धरून पाहा. फक्त आदल्या दिवशी घरच्यांना सांगा, आणि सांगितलेलं त्यांच्याकडून करून घ्या.

परवा उपासनेत सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. घरी येताना म्हणाल्या, “आज पाळक छान बोलले, नाही?”