बीजकांची संख्या आणि संकराची रीत

कपाशीच्या वाढीच्या टप्प्यांना शेतकऱ्याच्या बोलीत पाते, बोंड, सरकी असे नेमके शब्द आहेत. परंतु सरकीचे जे पूर्वरूप फुलाच्या किंजपुटात दडलेले असते, ते सहसा दृष्टीस पडत नाही. शास्त्रीय परिभाषेत त्यास 'बीजक' म्हणतात. कृत्रिम परपरागणाची रीत कोणती असावी, हे पुष्कळ अंशी या बीजकांच्या संख्येवरून ठरते.

अमेरिकन कपाशीच्या किंजपुटात ३ ते ५ कप्पे असून प्रत्येकात अनेक बीजके असतात. बीजकाच्या मध्यभागी प्रदेह, त्यात गर्भकोश आणि भोवती दोन आवरणे, अशी ही रचना आहे. बाह्य आवरणाच्या पृष्ठभागावरील एकेक पेशी लांबत जाऊन रुईचा तंतू बनतो. म्हणून संकरित सरकीवरील रुई सर्वस्वी मातेची असते. पित्याचा अंश आतील गर्भात उतरतो व त्याचा प्रत्यय पुढील हंगामातील झाडावर येतो.

संकरासाठी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळीतील पाकळ्या व केसर सायंकाळी नखाने अलगद सोलून काढतात आणि सकाळी नरवाणाचे पराग किंजल्कावर लावतात. एका फुलावरील या श्रमातून बोंडभर संकरित सरकी मिळते, म्हणून हाताने केलेला संकर परवडतो. सी. टी. पटेल यांचे सुरत येथील 'संकर-४' (१९७०) हे वाण याच रीतीचे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे 'एनएचएच-४४' हेही त्याच परंपरेतील. त्याची माता बीएन-१ व पिता एसी-७३८.

सूर्यफुलाची गोष्ट निराळी. त्याच्या तबकात शेकडो पुष्पके असली तरी प्रत्येकाच्या किंजपुटात बीजक एकच. येथे एका दाण्यासाठी एका पुष्पकाचे केसर काढणे अव्यवहार्य होय. फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या पेशीद्रव्यीय नरवंध्यतेने ही अडचण दूर झाली. मादी वाणात पराग निपजतच नाहीत. परागवहन प्रामुख्याने मधमाश्या करतात. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचे 'एलएसएफएच-३५' हे संकरित वाण याच तत्त्वावर उभे आहे.

रीती दोन असल्या तरी परिणाम एकच. संकरित पिकाचे बी राखून पेरल्यास पुढील पिढीत गुण विभागले जातात आणि संकरजोम ओसरतो. त्यामुळे घरचे बी राखण्याची जुनी चाल मोडते व कोरडवाहू शेतकऱ्यास प्रतिवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. वाढीव उत्पन्नाचा हिशेब मांडताना हा खर्चही त्यात धरला पाहिजे.