‘वाइडन’ : रुंद कोण करतो?



सहावीच्या एका मुलाने इंग्रजी निबंधात लिहिले की आमच्या गावचा रस्ता ‘एन्लार्ज’ केला. मी लाल रेघ ओढली, पण चूक त्याची एकट्याची नव्हे. आपण घरी क्रिओल बोलतो, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतो. फ्रेंचमध्ये ‘लार्ज’ म्हणजे रुंद. इंग्रजीत ‘लार्ज’ म्हणजे मोठा. म्हणून इंग्रजीत फोटो ‘एन्लार्ज’ करतात आणि रस्ता ‘वाइडन’ करतात.

शब्द कसा बनतो हे मुलांना दाखवावे, म्हणजे घोकावे लागत नाही. ‘वाइड’ म्हणजे रुंद. शेवटी ‘एन’ जोडला की ‘वाइडन’, म्हणजे रुंद करणे. तसेच ‘ब्रॉड’चे ‘ब्रॉडन’, ‘डीप’चे ‘डीपन’.

आता प्रत्येकाची जागा पाहू. रस्ता, दार, नदीचे पात्र यांना ‘वाइडन’. ज्ञान, अनुभव, दृष्टी यांना बहुधा ‘ब्रॉडन’. रस्ता पुढच्या गावापर्यंत नेला तर त्याची लांबी वाढली, तेथे ‘एक्स्टेंड’. लोखंड तापून फुगते, तेथे ‘एक्स्पान्ड’. फ्रेंचचा ‘एलार्जीर’ रस्त्यालाही चालतो आणि मनालाही, म्हणून आपली मुले गोंधळतात.

येथे मराठी उपयोगी पडते. नदी समुद्राजवळ रुंदावते, ती आपोआप. सरकार रस्ता रुंद करते. तेथे करणारा आहे. मराठीत ही दोन रूपे वेगळी, इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘वाइडन’. म्हणून मी वर्गात विचारते, “मुलांनो, करणारा कोण?”

हाच प्रश्न परवा मला घरी पडला. माझी आई नातवाशी मराठीत बोलली, त्याने क्रिओलमध्ये उत्तर दिले. आई हसली आणि गप्प बसली. दोन पिढ्यांतली दरी रुंदावते आहे, असे आपण सभेत नेहमी म्हणतो, जणू ती समुद्राकडे जाणारी नदीच! पण शाळेत मराठी शिकवणारी मी, घरी मुलाला क्रिओलमध्येच हाक मारते. दरी रुंदावली नाही, मी ती रुंद केली.

वाचकहो, जे आपण केले ते आपल्यालाच सुधारता येते. आमच्या घरी आता रात्रीचे जेवण मराठीत होते. पहिल्या दिवशी मुलगा फक्त “आजी, भात वाढ” एवढेच म्हणाला. आईने दोनदा वाढला.