पेट्रोलची करवत हाती घेताना

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. वर अंबाबरव्याचे जंगल, खाली कपाशीची काळी शेते. मोठे वादळ होऊन गेले, की धुऱ्यावरचा एखादा लिंब नाहीतर बाभूळ आडवी झालेली दिसते. पूर्वी ती तोडायला कुऱ्हाड अन् दोघांनी ओढायचा आरा लागे. सारा दिवस मोडे. आता पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत तेच काम घटकाभरात उरकते.

पण कुऱ्हाड माणसाच्या जोरावर चालते. माणूस थांबला की तीही थांबते. या करवतीचे तसे नाही. भर वेगात तिची साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावते. हात आवरू म्हणेपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. म्हणून काळजी घ्यायची ती यंत्र सुरू करण्याआधी.

सर्वांत मोठा धोका कोणता, म्हणाल तर पात्याच्या टोकाचा. साखळी पात्याच्या वरच्या कडेने पुढे जाते, टोकाला वळते आणि खालून परत येते. टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला लागला, तर दात तिथेच रुततात आणि साखळीचा सारा जोर उलटून पाते वर, थेट माणसाच्या तोंडाकडे उसळते. त्यासाठी टोकाने कापू नये आणि करवत खांद्याच्या वर उचलू नये. दोन्ही हातांनी धरावी. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळलेला हवा. मुठीपुढचा पडदा म्हणजे साखळीचा ब्रेक. तो लागतो की नाही, हे रोज आधी पाहावे. साखळीला धारही हवी. भुशाऐवजी पिठासारखी पूड पडू लागली, की धार गेली समजावे. बोथट साखळीला माणूस जोर लावतो, अन् तोल तिथेच जातो.

धोतराचा सोगा किंवा गळ्यातला दुपट्टा साखळीला आयताच सापडतो. अंगासरशी कपडे, जाड बूट, चष्मा, डोक्याला टोप आणि कानाला झाकण एवढे तरी असावे. ऊन आहे ही सबब चालत नाही.

पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा फसवे असते. वाकून दबलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते; एकदम तोडली तर फटकन उसळते. ताण कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे, दाबाच्या बाजूने थोडा काप घ्यावा, मग ताणाच्या बाजूने हळूहळू. आणि सागवान, मोह, आंबा, चिंच यांसारखे झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी १९६४ च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

यंत्राचा आवाज झाला, की पोरे धावलीच. उभे झाड पाडताना त्यांना झाडाच्या दुप्पट उंचीइतके दूर ठेवावे. उंची कशी काढायची, हे गुरुजींना वर्गातच दाखवता येईल. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढीच काठी मुठीवर उभी धरावी आणि काठीत झाड बुडख्यापासून शेंड्यापर्यंत मावेपर्यंत मागे सरकावे. सपाट जमिनीवर तिथून झाडापर्यंतचे अंतर म्हणजेच झाडाची उंची.

पेट्रोल ओतायचे ते यंत्र थंड झाल्यावर, आणि सुरू करायचे ते तिथून दहा फूट दूर जाऊन. एकट्याने हे काम करू नये. सोबत्याने मात्र कापणाऱ्याच्या पाठीमागून येऊन खांद्याला हात लावू नये. समोर, लांब उभे राहून हात करावा, आणि यंत्र बंद झाल्यावरच जवळ यावे.