मागचा दिवा कुणासाठी?

गटाच्या कर्जातून गाडी घेताना कोणती कागदपत्रं बघायची, हे मागच्या वेळी आपण बोललो. आज त्याच गाडीच्या दिव्यांबद्दल बोलू या. विषय पोरांचा वाटेल, पण शेवटपर्यंत ऐका. कारण गाडी पुष्कळदा आपल्या नावावर असते.

हल्ली मोटारसायकलच्या मागच्या दिव्यावर काळपट फिल्म चिकटवायची किंवा काळा स्प्रे मारायचा, अशी टूम निघाली आहे. पोरं त्याला ‘स्मोक’ म्हणतात. काही जण हेडलाइटवरही काळी, निळी फिल्म लावतात. माझ्या बहिणीच्या मुलानंही लावली होती. गेल्या उन्हाळ्यात तो पुढे मोटारसायकलवर आणि मी मागे स्कूटरवर, असे आम्ही तालुक्याहून येत होतो. भर दुपारची वेळ. शेळ्या आडव्या आल्या आणि त्यानं ब्रेक दाबला. मला लाल दिवा दिसलाच नाही. तो थांबलाय हे कळेपर्यंत माझं चाक त्याच्या गाडीवर आदळलं होतं. महिनाभर हात प्लास्टरमध्ये होता. पोरगा म्हणाला, “पण मावशी, लाइट लागली होती की!” लागली होती, खरंच. पण मला ती दिसली नाही.

असं का होतं? फिल्म दिव्याचा उजेड अडवते. निम्मा उजेड अडवणारी फिल्म असेल, तर मागच्या माणसापर्यंत निम्माच पोहोचतो. बऱ्याच दुचाकींना मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा एकाच लाल काचेत असतो. ब्रेक दाबला की तो जास्त प्रखर होतो, एवढीच मागच्याला खूण. फिल्म लावली की उन्हात ही खूण पुसली जाते. इंडिकेटरचा पिवळा रंगही मळकट दिसतो.

लाल रिफ्लेक्टरचं तर आणखी वाईट. त्याच्यात बल्ब नसतो, तो मागच्या गाडीचाच उजेड परत पाठवतो. म्हणजे उजेड फिल्ममधून आत जातो आणि फिल्ममधूनच बाहेर येतो. दोनदा निम्मा झाला, की उरतो पाव. बल्ब गेला असेल किंवा गाडी रात्री रस्त्याकडेला उभी असेल, तर तेवढ्यावरच भिस्त.

आता अंतराचा हिशोब. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे मागच्याला ब्रेक लागल्याचं एक सेकंद उशिरा कळलं, तर तेवढ्यात तो जवळजवळ दीड एसटीच्या लांबीइतका पुढे आलेला असतो. हेडलाइट झाकला तर तोटा आपलाच. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर लाल दिव्याशिवाय उभी असलेली उसाची ट्रॉली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. ती दिसायला पुढचा उजेड पुरता हवा.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये दिव्यांचे नियम आहेत. मोटारीचा मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागची नंबरप्लेट रात्री १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. गाडीला पुढून लाल दिवा दाखवायला मनाई आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, कारण दुचाकी दिवसाही दुसऱ्याला दिसावी. गाडीबरोबर येणारे दिवे ठरलेल्या मानकांप्रमाणे तपासलेले असतात. फिल्म लावली की ती तपासणी वाया गेली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे गाडीत परवानगी नसलेला बदल केला, तर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. आणि मैत्रिणींनो, ही शिक्षा मालकाला आहे. फिल्म मुलानं लावली तरी आरसी बुकावर आईचं नाव असेल, तर जबाब आईला द्यावा लागेल. अपघात झाला आणि असा बदल कळवलेला नसला, तर विमा कंपनीही हरकत घेऊ शकते. “दुकानात उघड मिळते, मग चालत असेल,” असं समजू नका.

घरी एक तपासणी करा. भर दुपारी गाडी उन्हात उभी करा. मुलाला ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही तीस पावलं मागे उभ्या राहा. दिवा लागला-विझला हे चटकन कळलं नाही, तर फिल्म काढायची. साध्या हेअर ड्रायरनं ती कोमट केली की हळूहळू सुटते. राहिलेला चिकटा साबणाच्या पाण्यानं पुसा. स्प्रे मारलेला असेल तर घासत बसू नका, काचेवर ओरखडे पडतात. काच बदललेली बरी. आणि फिल्म नसली तरी पावसाळ्यात दिव्यावरचा चिखल रोज पुसा, तोही उजेड अडवतोच.

आमच्या गटानं आता ठरवलंय, गाडीचं कर्ज मंजूर करताना कागदांबरोबर दिवेही बघायचे. माझ्या भाच्यानं फिल्म त्याच आठवड्यात काढली. त्याला एवढंच सांगितलं होतं, “बाळा, मागचा दिवा तुला कधीच दिसत नाही. तो मागून येणाऱ्यासाठी आहे. त्या दिवशी मागून मी येत होते.”

तुमच्या गटातल्या गाड्या तपासा आणि काय आढळलं ते आम्हाला जरूर कळवा.