तीन विरोधी मतांपैकी एक

माणसाला जन्मतः हीन ठरविणारा शब्द एकदा कायद्यात शिरला की पुढे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. म्हणूनच जोसाया वेजवुड या ब्रिटिश लिबरल खासदाराने १९१३ साली दिलेला एकाकी लढा मला समजून घ्यावासा वाटतो.

वेजवुड (१८७२–१९४३) हे चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या श्रीमंत घराण्यातले. १९०६ साली न्यूकॅसल-अंडर-लाइम येथून ते लिबरल पक्षातर्फे निवडून आले. गरिबीचे मूळ जमिनीच्या मक्तेदारीत आहे, हा हेन्री जॉर्जचा विचार त्यांनी स्वीकारला होता.

त्याच काळात इंग्लंडमधील सुशिक्षित वर्गाला गरिबीचे मूळ रक्तात सापडले होते. दारिद्र्य, गुन्हेगारी, व्यसन हे सारे वंशपरंपरेने येते. तेव्हा ‘दुर्बळ बुद्धीच्या’ लोकांना समाजापासून वेगळे ठेवावे, त्यांची प्रजा वाढू देऊ नये, असे सुप्रजननवादी मंडळी सांगत होती. १९१२ साली त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद लंडनला भरली. अध्यक्ष होते लेनर्ड डार्विन. म्हणजे चार्ल्स डार्विनचे पुत्र आणि वेजवुड घराण्याचे नातलग.

लिबरल सरकारनेच या विचाराला कायद्याचे रूप दिले. ‘मेंटल डेफिशियन्सी अ‍ॅक्ट’मधील एक कलम पाहा. मंदबुद्धी ठरविलेली एखादी स्त्री गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर जगत असताना विवाहाविना गरोदर राहिली, तर त्या कारणावरून तिला संस्थेत डांबता येई. श्रीमंताच्या लेकीला हे कलम शिवतही नव्हते. शास्त्राची भाषा होती, पण पकडले जाणार होते गरीबच.

वेजवुड स्वतःच्याच पक्षाविरुद्ध उभे राहिले. कष्टकऱ्यांची गुरांसारखी पैदास ठरवू पाहणारा हा विचार आहे, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी शंभरावर दुरुस्त्या मांडल्या, रात्र रात्र पुन्हा पुन्हा उठून ते बोलले. शेवटी विरोधात मते पडली अवघी तीन. कायदा झाला, आणि १९५९ च्या नव्या कायद्याने तो रद्द होईपर्यंत हजारो माणसे त्याखाली कोंडली गेली.

पुढे १९१९ साली वेजवुड मजूर पक्षात गेले. १९२० च्या नागपूर काँग्रेसलाही ते उपस्थित होते. १९२४ साली ते मंत्री झाले.

ज्या रक्ताच्या मोठेपणाचा लाभ त्यांना आयता मिळत होता, तो त्यांनी नाकारला. ही गोष्ट मी मोठी मानतो. परंतु एक उणीव नजरेआड करता येत नाही. ज्यांना कोंडायचे होते, त्यांच्यापैकी एकही जण त्या सभागृहात नव्हता. वेजवुड त्यांच्या वतीने बोलले, आणि ते थकून खाली बसले तेव्हा बोलणारे फारसे कुणी उरले नाही. सहृदय मित्र असणे चांगलेच. पण आपल्याविषयीचा कायदा होत असताना तेथे आपण स्वतः असलेच पाहिजे, हे या पराभवातून मला उमगते.